अपील म्हणजे काय? : नव्या कायदा-सल्लागार मैत्रिणींशी बोलताना

(वाशी इथे तालुक्यातल्या कायदा-सल्लागार कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळपासून तुम्ही वारसा कायदा ऐकलात. नवरा वारला तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांचा सारखा हक्क, हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, पण तो लग्न न झालेल्या मुलींनाच. २००५ साली देशभरासाठी कायदा बदलला, तेव्हा लग्नाची अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की २००५ साली वडील हयात नसले तरीही मुलीचा हक्क आहे. हे सगळं चांगलंच झालं. पण वाशीच्या तहसील कचेरीसमोर पिशवीत कागद घेऊन उभ्या असलेल्या बाईला या कायद्याचा उपयोग कधी होतो? तिच्याविरुद्ध झालेला निर्णय वेळेत वर नेला तर होतो. वेळेत नेला नाही, तर कायदा पुस्तकात राहतो आणि सातबारावर दिराचं नाव राहतं.

म्हणून आज मी फक्त अपिलाबद्दल बोलणार आहे. तेही एकाच प्रकारच्या अपिलाबद्दल, कारण तुमच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हाच प्रकार सगळ्यांत जास्त असेल. तो म्हणजे जमिनीच्या फेरफाराविरुद्धचं अपील.

माझी चूक

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. मी नवीन होते. एक बाई आली. तिचं नाव-गाव सांगत नाही. नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. दिवाळीनंतर ती भावकीतल्या एका टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती. ती तिकडे असताना इकडे दिरानं वारसाची वर्दी दिली आणि त्यात मयताच्या बायकोचा, मुलांचा उल्लेखच केला नाही. फेरफार झाला, प्रमाणितही झाला. ती परत आली, तेव्हा जमिनीवर तिचं नाव नव्हतं.

मी रात्रभर बसून अपील लिहिलं. तिचे हाल, सासरचा जाच, लेकरांची उपासमार, सगळं लिहिलं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी येत होतं. तारखेला समोरच्या वकिलांनी उठून एवढंच म्हटलं, "साहेब, फेरफार माघात मंजूर झालाय. अपील ज्येष्ठात आलंय. मुदतबाह्य आहे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तीन पानांत याचं उत्तर देणारी एक ओळही नव्हती. अपील फेटाळलं गेलं.

आता यातली खरी गंमत ऐका. ते अपील मुदतीतच होतं! बाईला फेरफाराची नक्कल हातात मिळाली होती वैशाखात. त्या दिवसापासून मोजलं असतं तर साठ दिवस संपायला वेळ होता. पण नक्कल कधी मिळाली, हे मी तिला विचारलंच नव्हतं. तिनं उशीर केलेला नव्हता. तिला उशिरा आलेली ठरवलं ते माझ्या अज्ञानानं.

पुढे दुसऱ्या अपिलात एका जाणत्या वकीलबाईंनी ते सावरलं. बाईच्या पेटीत धाकट्या लेकराचं लसीकरणाचं कार्ड होतं. कारखान्याच्या भागातल्या आरोग्य केंद्राचा शिक्का, तारखेसकट. नक्कलेच्या कागदावर नक्कल दिल्याची तारीख होती. हे दोन्ही कागद पहिल्यापासून तिच्याकडेच होते. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली आलं आणि तिचं आणि मुलांचं नाव लागलं. पण दरम्यान एक एकर विकलं गेलं होतं. त्या एकरासाठी तिला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागली.

तेव्हापासून माझा नियम आहे : आधी तारखा, मग तक्रार.

मुळात निर्णय कोणता झाला?

अपील म्हणजे पुन्हा एकदा गाऱ्हाणं मांडणं नव्हे. खालच्या अधिकाऱ्यानं एक निर्णय दिला, त्यात अमुक चूक आहे, ती वरच्या अधिकाऱ्यानं दुरुस्त करावी, असं कागदावरून दाखवणं म्हणजे अपील. म्हणून निर्णय कसा होतो ते आधी समजून घेऊ.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा आपला मूळ कायदा. जमिनीत कुणाला हक्क मिळाला की त्यानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच. तलाठी ती नोंद फेरफार रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये घेतो. कलम १५० प्रमाणे त्यानं त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि संबंधितांना लेखी नोटीस द्यायची. कायद्यात 'संबंधित' म्हणजे केवळ कागदोपत्री नाव असलेले नव्हेत. ज्यांचा संबंध असेल असं तलाठ्याला मानायला कारण आहे, तेही त्यात येतात. मयताची बायको याच गावात नांदत होती, मुलं याच शाळेत जात होती, तर तिचा संबंध आहे हे मानायला आणखी काय लागतं? हा मुद्दा अपिलात तुमच्या फार उपयोगी पडेल.

नोटिशीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते, दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला जातो. या प्रमाणित नोंदीविरुद्धही अपील होतं आणि तक्रारी प्रकरणातल्या निकालाविरुद्धही होतं.

आता आपल्या भागाचा विचार करा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, पाडव्याच्या आगेमागे परत येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत मधेच परत येता येत नाही. बाई विधवा असली तरी कुणाच्या तरी टोळीबरोबर जातेच, कारण इथे राहून खायचं काय? चावडीवर लावलेला कागद पाच महिने घरी नसलेल्या बाईनं कसा वाचायचा? आता फेरफाराच्या नोटिसा संगणकावरही दिसतात. पण फडात कोयता चालवणारी बाई त्या पाहणार कधी? 'हरकत आली नाही' याचा अर्थ 'हरकत नव्हती' असा होत नाही. अपिलात आपल्याला हे सिद्ध करायचं असतं.

एक सावधगिरी. प्रत्येक चुकीला अपील लागत नाही. सातबारावर बाईचं नाव चुकीचं पडलं, गट नंबर चुकला, अशी नुसती लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करायचा. तिला विनाकारण अपिलाच्या फेऱ्यात घालू नका.

तारखांचं पान

बाई तुमच्याकडे आली की तिला आधी बोलू द्या. मधे तोडू नका. तिचं बोलून झालं की एक कोरं पान घ्या आणि वर लिहा : तारखा. नवरा कधी वारला, टोळी कधी निघाली, वर्दी कधी दिली गेली, नोटीस कुणाला कधी मिळाली, त्यावर सही किंवा अंगठा कुणाचा, नोंद कधी प्रमाणित झाली, बाई परत कधी आली, तिला हे पहिल्यांदा कुणाकडून कळलं, तिनं नक्कल कधी मागितली, हातात कधी पडली.

बाई इंग्रजी तारीख सांगणार नाही. ती सांगेल, "ताई, पाडव्याला आलो बघा कारखान्यावरनं, अन् येडाईच्या यात्रेनंतर कागद घावला." म्हणून तिची साक्ष कच्ची ठरत नाही. येरमाळ्याची यात्रा चैत्री पौर्णिमेची. पंचांग काढा, तारीख लिहा. बायकांच्या आठवणी सणावारांना, बाळंतपणांना, पावसाला बांधलेल्या असतात आणि त्या पक्क्या असतात. त्या कॅलेंडरावर आणण्याचं काम सल्लागाराचं.

या पानाचं महत्त्व कलम २५० मध्ये आहे. कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाची मुदत ६० दिवस, इतर बाबतीत ९० दिवस. ही मुदत मोजायची ती अपील करणाऱ्याला आदेश मिळाल्याच्या दिवसापासून. आणि नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वगळायचा. म्हणून नक्कलेचा अर्ज तोंडी करू नका. लेखी करा, पोच घ्या, नक्कल मिळाल्याची तारीख तिच्यावर आहे ना ते खिडकीवरच तपासा.

सगळीकडे ६० दिवस असतात असं मात्र समजू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचा आदेश झाला, तर सत्र न्यायालयात जायला ३० दिवस. हा प्रश्न फक्त आपल्याकडचाही नाही. लग्न होऊन ब्रिटनमध्ये गेलेल्या, नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या आणि त्यानं टाकलेल्या आपल्याकडच्या बायकांसाठी तिथे साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना १९७९ पासून काम करते आहे. तिथे देशात राहून इमिग्रेशनच्या निर्णयाविरुद्ध अपील करायला साधारणपणे फक्त १४ दिवस मिळतात, आणि ते निर्णय पाठवल्यापासून मोजतात. देश कोणताही असो, घर सोडून गेलेल्या बाईच्या बाबतीत घड्याळ आधी सुरू होतं आणि कागद तिच्या हातात मागाहून पडतो. सल्लागारानं पहिल्याच दिवशी ते घड्याळ पाहायचं.

उशीर झालाच असेल तर

मुदत टळली म्हणून बाईला परत पाठवू नका. कलम २५१ प्रमाणे पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो. त्यासाठी अपिलासोबत वेगळा अर्ज आणि बाईचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. माझा सल्ला असा की अपील मुदतीत आहे असं तुम्हाला वाटलं, तरी समोरची बाजू नोंदीच्या तारखेपासून मोजणार असेल तर हा अर्ज सोबत द्याच. 'अपील मुदतीत आहे. तरीही उशीर मानला गेल्यास तो माफ व्हावा' एवढं वाक्य मी तेव्हा लिहिलं असतं, तर पुढचं सारं टळलं असतं.

कारण कसं लिहायचं? 'अर्जदार अडाणी व गरीब असल्याने उशीर झाला' हे वाक्य इतक्या अर्जांत येतं की कुणी ते वाचतही नाही. आपली बाई अडाणी नाही, ती गावात नव्हती. ती कोणत्या तारखेला कुठे होती ते लिहा आणि कागद जोडा. उसाच्या खेपांच्या पावत्या, मुलाच्या शाळेची हजेरी, दवाखान्याचा केसपेपर, लसीकरणाचं कार्ड. सोबतच्या दोन कोयत्यांची प्रतिज्ञापत्रंही चालतात.

सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली अनंतनागचे कलेक्टर विरुद्ध कातिजी या प्रकरणात सांगितलं आहे की उशीर माफ करताना उदार दृष्टी ठेवावी, प्रत्येक दिवसाचा हिशेब कोतेपणानं मागू नये. त्या प्रकरणात उशीर सरकारचा होता, चार दिवसांचा. सरकारला मिळालेली सवलत फडातल्या बाईला का मिळू नये, हे आदबीनं पण ठामपणे विचारता येतं.

अपिलात काय लिहायचं

मंडळ अधिकारी किंवा तहसीलदारांच्या आदेशाविरुद्ध पहिलं अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे होतं. अपिलाला आदेशाची नक्कल जोडावीच लागते. अर्जात सुरुवातीला फेरफाराचा नंबर, तारीख, गाव, गट नंबर. मग सामनेवाले. सगळे वारसदार पक्षकार करा. सासू असेल तर तीही, लग्न झालेल्या नणंदाही. जमीन विकली असेल तर घेणाराही. एकजण राहिला तरी तोच मुद्दा धरून प्रकरण लांबतं.

मग घटना, थोडक्यात, तारखेच्या क्रमानं. मग अपिलाची कारणं, एकेक क्रमांक देऊन. पंधरा दिवसांआधीच नोंद प्रमाणित केली. नोटीस बजावल्याची पोच नाही. वर्दीत पहिल्या वर्गाचे वारस वगळले. हरकत घेतली होती तरी म्हणणं ऐकलं नाही. प्रत्येक कारणापुढे ते कोणत्या कागदावरून दिसतं ते लिहा. कागद नसलेलं कारण खाली ठेवा. तिच्या हालांविषयी लिहू नका असं मी म्हणत नाही. लिहा, पण एका परिच्छेदात.

शेवटी मागणी. नोंद रद्द करावी, किंवा वारसांची नावं घेऊन दुरुस्त करावी. आणि मैत्रिणींनो, कलम २५६ खाली स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या. अपील दाखल केल्यानं नोंद आपोआप थांबत नाही. तो सातबारा दाखवून दरम्यान सोसायटीचं कर्ज निघू शकतं, खरेदीखत होऊ शकतं. माझ्या प्रकरणात ते एक एकर गेलं ते याच काळात.

अपिलानं काय मिळत नाही

हे बाईला पहिल्याच भेटीत सांगा. फेरफार हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सवर्णी विरुद्ध इंदर कौर प्रकरणात हे स्पष्ट केलं : फेरफारानं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. याचा आपल्याला धीरही आहे आणि इशाराही. धीर असा की नाव उडालं म्हणून हक्क उडाला नाही. इशारा असा की नाव लागलं म्हणून वाटा पदरात पडला नाही. वाटणी, मृत्युपत्र खरं की खोटं, नोंदवलेलं हक्कसोडपत्र फसवून घेतलं का, हे प्रश्न प्रांत सोडवणार नाहीत. त्यासाठी दिवाणी न्यायालय.

हक्कसोडीविषयी एवढंच. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असावं लागतं. साध्या कागदावर किंवा स्टँपवर बहिणीचा अंगठा घेऊन तिचं नाव कमी केलं असेल, तर ते अपिलाचं चांगलं कारण आहे. पण बहीण आली की तिला आधी विचारा, "बाई, तुला काय हवंय?" भावाशी वैर आलं तर दिवाळीला कुठे जाऊ, हा तिचा प्रश्न खोटा नाही. काहीजणी सगळं समजून घेऊन परत जातात. जाऊ द्या. मात्र मुदत किती तारखेला संपते ते कागदावर लिहून तिच्या हातात द्या. विचार करायला घरी गेलेली बाई मुदत कळली नाही म्हणून हरता कामा नये. अपील तिचं आहे, आपलं नाही.

सुनावणी आणि पुढचा रस्ता

तारखेला बाईनं स्वतः हजर राहणं चांगलं. पुढची तारीख तोंडी ऐकून घरी येऊ नका, रोजनाम्यात पाहून घ्या. पुन्हा ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला असेल तर वकीलपत्र दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर बाई गैरहजर म्हणून प्रकरण निघून जाईल. वकिलाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येईलच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती याचा तिथे संबंध नाही. आणि त्या कायद्यात 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालयंही येतात. तेव्हा हे फक्त कोर्टासाठी आहे असं कुणी सांगितलं तर तालुका विधी सेवा समितीकडे लेखी अर्ज द्या.

निकाल तीन प्रकारचा लागतो : मंजूर, नामंजूर, किंवा फेरचौकशीसाठी परत. फेरचौकशी झाली की बायका पेढे आणतात. त्यांना हळूच सांगा, आपण पहिल्या पायरीवर परत आलोय, कागद जपून ठेवा. प्रांतांच्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, तिथेही ६० दिवस. त्यानंतर विभागीय आयुक्तांकडे फेरतपासणी, आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट. पण एवढ्या लांब जाण्याची ताकद किती जणींत असते? म्हणून पहिलं अपील नीट लिहिणं हीच खरी मदत. खाली जे कागदावर आलं नाही, ते वर गेल्यावर शोधत बसावं लागतं.

बाईला कधीही 'तू जिंकशील' असं सांगू नका. 'तुझं म्हणणं वेळेत आणि पूर्ण पोचेल' एवढंच सांगा, आणि ते मात्र पाळा.

आता थोड्या वेळानं आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक गटाला एक फेरफाराची नक्कल दिली आहे. नावं खोडलेली आहेत. त्यात कुणावर अन्याय झाला याची चर्चा लगेच सुरू करू नका. आधी पान घ्या, तारखा लिहा, आणि मला सांगा : या बाईच्या हातात अजून किती दिवस आहेत?